विश्लेषण : बाळाच्या तोंडातले पांढरे डाग, दुधाचा थर, बुरशी की गोवराची पहिली खूण?

तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर दिसला की घरातली आजी सांगते, ‘दुधाचं आहे, जाईल.’ बहुतेक वेळा तिचे म्हणणे खरे ठरते. पण त्याच पांढऱ्या रंगाआड कधी बुरशी असते, कधी विषाणूचे फोड असतात, तर कधी गोवराची पहिली खूण असते. रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर तालुक्यांत डोंगरातल्या अनेक ठाकूरवाड्या आणि कातकरवाड्यांतून दवाखाना गाठायचा म्हणजे एक रोजगार बुडतो. अशा ठिकाणी कोणता डाग घरी सांभाळायचा आणि कोणत्या डागासाठी त्याच दिवशी निघायचे, हे ठाऊक असणे मोलाचे ठरते.

तोंडातले सगळे पांढरे डाग एकाच रोगाचे असतात का?

नाही. ‘तोंड आले’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात निदान पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी येतात. नवजात बाळाच्या टाळूच्या मध्यरेषेवर किंवा हिरड्यांवर मोहरीएवढे पांढरे, टणक दाणे दिसू शकतात. ते मोत्यासारखे दिसतात म्हणून वैद्यकशास्त्रातही त्यांच्या नावात ‘पर्ल’ म्हणजे मोती हा शब्द आहे. हा रोग नाही. काही आठवड्यांत हे दाणे आपोआप विरतात. ‘दात आले’ म्हणून ते सुईने किंवा नखाने फोडू नयेत. जखम होऊन जंतुसंसर्ग होण्याचा धोका तेवढा वाढतो.

त्यानंतर येतो दुधाचा थर, मग बुरशी, मग तापासोबत येणारे विषाणूंचे फोड, गोवराचे ठिपके आणि क्वचित घटसर्पाचा पडदा. यातला फरक ओळखायला चार प्रश्न पुरतात. बाळाचे वय किती? डाग पुसला जातो का? अंगात ताप आहे का? बाळ नेहमीसारखे पिते-खाते आहे का? डॉक्टरही सुरुवात याच प्रश्नांपासून करतात.

दूध की बुरशी, हे घरी कसे ओळखायचे?

हात साबणाने धुवावेत. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ सुती कापड बुडवून, पिळून बोटाला गुंडाळावे आणि बाळाची जीभ हलकेच पुसून पाहावी. दुधाचा थर सहज निघतो आणि खाली नेहमीची गुलाबी जीभ दिसते. तो प्रामुख्याने जिभेवरच असतो आणि पाजल्यानंतर लगेच जास्त दिसतो.

बुरशीचा थर दह्याच्या कवडीसारखा दिसतो. तो जिभेबरोबरच गालांच्या आतल्या बाजूला, हिरड्यांवर, ओठांच्या आत आणि टाळूवरही असतो. पुसला तर सहज निघत नाही. निघालाच तर खालची जागा लालभडक दिसते, कधी रक्ताचा ठिपका येतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा घासू नये. डाग निघत नाही एवढे कळले की चाचणी संपली.

बुरशी झालेले काही बाळ अगदी मजेत असते. काही बाळ मात्र छातीला लागते, दोन-चार घोट घेते आणि रडत सुटते. ही दुसरी खूण अधिक महत्त्वाची.

ही बुरशी येते कुठून?

‘कॅन्डिडा’ नावाची ही बुरशी बहुतेकांच्या तोंडात, आतड्यात किंवा त्वचेवर असतेच. शरीराची प्रतिकारशक्ती आणि तोंडातले इतर जंतू तिला आटोक्यात ठेवतात. तान्ह्या बाळाची ही व्यवस्था अजून तयार होत असते. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत बुरशीला वाव मिळतो. प्रसूतीच्या वेळी आईच्या योनीमार्गातून, पाजताना स्तनाग्रावरून किंवा दुधाच्या बाटलीच्या बुचातून ती बाळापर्यंत पोहोचते. आईने काही चुकीचे खाल्ले म्हणून ती होत नाही.

बाळाला किंवा पाजणाऱ्या आईला नुकतेच प्रतिजैविक दिले असेल, तरीही बुरशी वाढू शकते. प्रतिजैविकाने जिवाणू मरतात, बुरशी मरत नाही, आणि तिला मोकळे रान मिळते. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्या मुलांनाही हा त्रास होतो. पंप घेतल्यावर चूळ भरली किंवा पाणी प्यायले तर तो बराच टळतो.

बाटली आणि चोखणी यांच्या खाचांत दूध साचते आणि बुरशीला घर मिळते. जुन्या घरांतल्या बोंडल्याची चोचही आतून नीट घासता येत नाही. म्हणूनच वरचे दूध द्यावेच लागले तर उघडी वाटी आणि चमचा वापरावा, असा सल्ला दिला जातो. दोन्ही स्वच्छ घासता येतात आणि उकळताही येतात.

उपचार काय आणि किती दिवस?

डाग थोडे असतील, बाळ नीट पीत असेल आणि वजन वाढत असेल तर बुरशी काही वेळा औषधाशिवायही जाते. मात्र ती पसरत असेल किंवा पिण्यात अडथळा येत असेल तर औषध लागते. डॉक्टर साधारणपणे तोंडात लावायचे क्लोट्रिमाझोलचे द्रावण किंवा निस्टॅटिनचे थेंब देतात. औषध पाजल्यानंतर लावायचे, म्हणजे ते दुधाबरोबर लगेच वाहून जात नाही. डाग दिसेनासे झाले म्हणून त्याच दिवशी थांबवायचे नाही. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे, नाहीतर बुरशी परतते. मायकोनाझोलची जेल घट्ट असते. अगदी लहान बाळाच्या घशात ती अडकू शकते, त्यामुळे ती स्वतःहून आणून लावू नये.

सरकारी आरोग्य केंद्रांत अनेक वर्षे वापरले जाणारे औषध म्हणजे जेन्शन व्हायोलेट, म्हणजेच ‘जांभळे औषध’. बालआजारांच्या राष्ट्रीय मार्गदर्शक पद्धतीत तोंडासाठी त्याचे ०.२५ टक्के द्रावण दिवसातून दोनदा लावायला सांगितले आहे. इथे तीव्रता महत्त्वाची आहे. त्वचेच्या जखमांसाठी मिळणारे अधिक तीव्र द्रावण तोंडात लावले तर आतली नाजूक त्वचा सोलवटते आणि बाळ पिणेच सोडते. म्हणून घरातली जुनी बाटली काढून लावू नये.

आईच्या स्तनाग्रांना जळजळ होत असेल, पाजल्यानंतरही ठणका राहत असेल किंवा त्वचा लालसर चकचकीत दिसत असेल, तर तिलाही उपचार लागतात. दोघांचे उपचार एकाच वेळी झाले नाहीत तर बुरशी आईकडून बाळाकडे आणि बाळाकडून आईकडे फिरत राहते. या काळात स्तनपान बंद करायचे कारण नाही. उलट आजारी बाळाला त्याची गरज जास्त असते.

टाकणखार आणि मध लावायला काय हरकत आहे?

हरकत गंभीर आहे. तोंड आले की टाकणखाराची लाही मधात कालवून बाळाच्या जिभेला चोळायची, ही रीत अनेक घरांत आजही आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तव्यावर लाही केल्याने त्यातले पाणी उडते, पण बोरॉन तसेच राहते. तान्ह्या बाळाच्या पोटात ते वारंवार गेले तर उलट्या, जुलाब, त्वचेवर लाली आणि झटके येऊ शकतात. चोखणीला मध-टाकणखार लावल्यामुळे बाळांना झटके आल्याच्या नोंदी परदेशातील वैद्यकीय साहित्यात आहेत.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कोणत्याही निमित्ताने देऊ नये. मधात ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते निरुपद्रवी ठरतात, तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र वाढून विष तयार करतात. मग बाळ मलूल होते, चोखण्याची ताकद जाते आणि श्वासही अडखळू शकतो. गावच्या पोळ्यातला शुद्ध मधही याला अपवाद नाही.

मीठ, राख, हळद किंवा खरबरीत कापडाने डाग खरवडणे हेही टाळावे. दात येताना लावायच्या बाजारू जेलमध्ये बेन्झोकेन किंवा सॅलिसिलेट असू शकते. लहान मुलांत दोन्हींचे धोके आहेत. ‘शेजारच्या बाळाला लागू पडले’ हे औषध आणण्याचे कारण असू नये.

ताप आहे आणि तोंडात फोडही आले, तर?

ही बुरशी नसून विषाणूचा संसर्ग असण्याची शक्यता जास्त. पावसाळ्यात दमट हवेत, अंगणवाडी आणि बालवाडीच्या वयात ‘हात-पाय-तोंड’ आजार पसरतो. आधी एक-दोन दिवस ताप, मग तोंडात लाल कडेचे, मध्ये पांढुरके-पिवळसर फोड आणि तळहात, तळपाय, कधी ढुंगणावर पुरळ असा त्याचा क्रम असतो. बहुतेक मुले सात ते दहा दिवसांत बरी होतात. काही आठवड्यांनी एखाद्या मुलाची नखे सुटतात. पालक घाबरतात, पण नखे पुन्हा येतात.

दुसरा विषाणू नागिणीच्या नात्यातला, हर्पीस. मोठ्यांच्या ओठावर तापाचे फोड येतात तोच. लहान मुलाला तो पहिल्यांदा होतो तेव्हा जोराचा ताप येतो, हिरड्या सुजून लाल होतात, त्यातून रक्त येते आणि जीभ, गाल, ओठ यांवर फोड फुटून पांढुरक्या जखमा होतात. लाळ गळत राहते. याला दहा ते चौदा दिवस लागू शकतात. पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरांकडे नेले तर विषाणूरोधक औषधाचा उपयोग होतो. ओठावर असे फोड असलेल्या मोठ्या माणसाने तान्ह्या बाळाचा पापा घेऊ नये. एक महिन्याच्या आतल्या बाळात हा संसर्ग जिवावर बेततो.

दोन्ही आजारांत प्रतिजैविकाचा उपयोग नसतो. खरा धोका फोडांचा नसून पाणी कमी होण्याचा असतो. तोंड दुखते म्हणून मूल पीत नाही, आणि न पिल्याने अधिक मलूल होते. गार पाणी, ताक, पातळ पेज, गार दूध, ओआरएस हे चमच्या-चमच्याने पाच-दहा मिनिटांनी देत राहावे. तिखट, खारट, आंबट आणि गरम टाळावे. ताप-दुखण्यासाठी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी लिहिलेल्या मात्रेत द्यावे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये.

गोवराचा याच्याशी काय संबंध?

गोवराचे पुरळ अंगावर उठण्याच्या एक-दोन दिवस आधी गालाच्या आत, दाढांच्या समोर, लाल त्वचेवर मिठाच्या कणांसारखे निळसर-पांढरे ठिपके उठतात. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉपलिक यांनी १८९६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना ‘कॉपलिक ठिपके’ म्हणतात. सोबत ताप, खोकला, वाहणारे नाक आणि लाल, पाणावलेले डोळे असतात. पुरळ उठले की हे ठिपके लवकरच नाहीसे होतात, त्यामुळे ते दिसण्याची संधी थोड्याच वेळापुरती असते.

महाराष्ट्राने गोवराचा मोठा उद्रेक अलीकडेच पाहिला आहे. २०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या गोवंडी परिसरात सुरू झालेली साथ भिवंडी, मालेगावपर्यंत पोहोचली आणि बालकांचे मृत्यू झाले. करोनाकाळात चुकलेल्या लसी हे त्याचे एक मोठे कारण होते. त्या वेळी उद्रेकग्रस्त भागांत नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना जादा मात्रा देण्याचा सल्ला केंद्र सरकारने दिला होता.

कर्जत-खालापूरसाठी हा मुद्दा दूरचा नाही. भाताची कापणी उरकली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात बाळ नऊ महिन्यांचे होते, दीड वर्षाचे होते आणि लसीचा दिवस निघून जातो. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत असते. चुकली तर पाच वर्षांपर्यंत ती घेता येते आणि कोणत्याही गावच्या सरकारी केंद्रात घेता येते. त्यासाठी भट्टीवर निघताना भांड्याकुंड्यांबरोबर बाळाचे लसीकरण कार्डही गाठोड्यात असायला हवे.

अंगावरचे पुरळ ‘देवीचे’ समजून मुलाला घरात कोंडून ठेवणे, औषध बंद करणे यात मौल्यवान दिवस जातात. गोवर झालेल्या मुलाला सलग दोन दिवस ‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा दिली जाते. त्याने अंधत्वाचा आणि मृत्यूचा धोका घटतो. ही मात्रा वयाप्रमाणे बदलते, म्हणून ती आरोग्य केंद्रातच घ्यावी.

घशात करडा-पांढरा पडदा दिसला तर?

टॉन्सिलवर पांढरे ठिपके साध्या घसादुखीतही येतात. पण घशात करडा-पांढरा, चिकटलेला पडदा दिसत असेल, गळा सुजला असेल, आवाज बसला असेल किंवा श्वास घेताना घरघर होत असेल तर तो घटसर्प असू शकतो. तो पडदा काढण्याचा प्रयत्न करू नये. रक्तस्राव होतो आणि श्वास कोंडू शकतो. मुलाला थेट रुग्णालयात न्यावे. घटसर्पापासून संरक्षण देणारी पेंटाव्हॅलंट लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना दिली जाते. दीड ते दोन वर्षांत आणि पाच ते सहा वर्षांत त्रिगुणी लसीच्या बूस्टर मात्रा असतात.

बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल तर?

तेव्हा डागाकडे न पाहता बाळाकडे पाहायला हवे. कुपोषित मुलाची प्रतिकारशक्ती खालावते आणि बुरशी ठाण मांडते. तोंड दुखते म्हणून मूल खात नाही, न खाल्ल्याने वजन आणखी घटते, आणि वजन घटले की बुरशी आणखी वाढते. या फेऱ्यात सापडलेल्या मुलाला केवळ तोंडात लावायचे औषध पुरत नाही.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित मानले जाते. ११.५ ते १२.५ दरम्यान असेल तर मध्यम कुपोषित. दोन्ही पायांवर सूज असेल तर घेर कितीही असो, मुलाला रुग्णालयात न्यावे लागते. हे माप घेण्याची रंगीत पट्टी अंगणवाडी सेविकेकडे असते आणि मापायला एक मिनिट लागते. तोंडात बुरशी दिसलेल्या प्रत्येक मुलाचा दंड मापला, तर वजनकाट्यावर उशिरा लक्षात येणारे मूल लवकर सापडू शकते.

वजन चांगले असूनही बुरशी वारंवार होत असेल, औषधाने हटत नसेल किंवा एक वर्षानंतर कारणाशिवाय उद्भवत असेल, तर डॉक्टर मधुमेह, प्रतिकारशक्तीचे जन्मजात दोष आणि एचआयव्ही यांची तपासणी सुचवतात. सरकारी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गोपनीय असते. तपासणी सुचवली म्हणजे आईवर कुणी संशय घेतला, असे नव्हे. लवकर कळले तर बाळाचे आयुष्य सावरता येते.

दाखवायचे कुठे?

पहिली गाठ आशाताईंची. दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाळाला पाहायला आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. त्यानंतर तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधराव्या महिन्यांतही तिच्या भेटी ठरलेल्या आहेत. तिला बाळाचे तोंड उघडून दाखवावे. अंगणवाडीतील मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून वर्षातून दोनदा तपासणी होते.

कर्जत तालुक्यात नेरळ, कळंब, कडाव येथे, तर खालापूर तालुक्यात लोहोप, वावोशी येथे प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. कशेळे आणि चौक येथे ग्रामीण रुग्णालये आहेत, कर्जत येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला नेण्या-आणण्यासाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते.

वाट न पाहता त्याच दिवशी कधी निघायचे?

• बाळ दोन महिन्यांच्या आतले आहे आणि अंगात ताप आहे, किंवा ते पीत नाही.
• सहा ते आठ तास लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे किंवा टाळू खोल गेली आहे.
• मूल मलूल आहे, हाक मारूनही नीट जागे होत नाही, किंवा झटका आला.
• श्वास जलद आहे, घरघर आहे, गिळता येत नाही.
• तापासोबत गालाच्या आत पांढरे ठिपके, लाल डोळे किंवा अंगावर पुरळ आहे.
• घशात करडा पडदा दिसतो.
• दोन्ही पायांवर सूज आहे किंवा दंडाची पट्टी लाल रंगावर आली आहे.

यातले काही नसेल, बाळ पीत असेल, खेळत असेल, तर एक-दोन दिवस पाहून जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवले तरी चालते. दुधाचा थर असेल तर आजीचे म्हणणे खरे, तो जाईल. पण कापडाने पुसून न निघणारा डाग आणि छातीपासून तोंड फिरवणारे बाळ एकाच वेळी दिसले, तर त्या दिवशीचा रोजगार बुडाला तरी चालेल, दवाखाना चुकवू नये.